पीक बुडालं, भाव चढला. मग तोटा नेमका कोणाचा?

सरळव्याज

हवामानबदलाने शेतीचं नुकसान होतं, हे इतक्यांदा कानावर पडतं की त्यावर कोणी उलटा प्रश्न विचारतच नाही. मी शेतकरी नाही, आकडेमोड हा पोटापाण्याचा धंदा. म्हणून कागदावर हिशेब मांडायला बसलो आणि भलतंच उत्तर आलं.

अन्नधान्याची मागणी फारशी हलत नाही. महाग झालं तरी माणूस खायचं सोडत नाही, निदान ज्याला परवडतं तो तरी नाही. त्यामुळे पीक जेवढं घटतं, त्याच्यापेक्षा भाव जास्त चढतो. हे काही मी शोधलेलं नाही. १६९९ साली चार्ल्स डॅव्हेनंट या इंग्रज लेखकाने आकडे देऊन ठेवलेत (अर्थशास्त्रात त्याला ग्रेगरी किंगचा नियम म्हणतात): पीक १० टक्के कमी आलं की भाव ३० टक्के वर. आता करा गुणाकार. १०० च्या जागी ९० पोती, भाव १०० च्या जागी १३०. आधी १०,००० मिळायचे, आता ११,७००. शेतकऱ्यांच्या हातात एकूण पैसा जास्तच आला की!

म्हणजे तापमान वाढून जगाचं उत्पादन थोडं घटलं, तर फटका खाणाऱ्याला बसायला हवा, पिकवणाऱ्याला नाही. यात घोडं कुठे पेंड खातंय? भावनिक उत्तरं नकोत, हिशेब हवा.

कोरडवाहू

ज्याचं पीक बुडतं तो एक आणि ज्याला भाव मिळतो तो दुसरा. झाला हिशेब.

शेवटचा_बाक

संपला धागा. दिवे घालवा, कुलूप लावा.

सरळव्याज

@कोरडवाहू, मान्य. पण मी 'एकूण' म्हटलंय. एकाचं गेलं, दुसऱ्याला मिळालं, बेरीज तर वाढलीच ना?

रानवाट

बेरीजही शेतकऱ्यापर्यंत पोचते असं नाही. कोकोचं उदाहरण घ्या.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो. तिथे आधी अतिपाऊस झाला, शेंगा काळ्या पडून कुजायला लागल्या. मागून कोरड आली. खोड सुजवणारा विषाणूजन्य रोग आधीपासून होताच, झाडंही म्हातारी. पीक कोसळलं. न्यूयॉर्कच्या बाजारात मार्च २०२४ मध्ये भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात १२,००० च्याही पुढे. तुमच्या डॅव्हेनंटला घेरी यावी असा भाव.

पण या दोन्ही देशांत शेतकऱ्याचा दर सरकार हंगामाआधी ठरवतं आणि बराचसा माल आधीच विकून ठेवलेला असतो. भाव आभाळाला भिडला तेव्हा शेतकऱ्याला मिळत होता जुन्या सौद्याचा दर, तोही निम्म्या-अर्ध्या शेंगांवर. पुढे दोन्ही सरकारांनी दर वाढवले, पण बाजाराच्या बरेच मागून. चांदी झाली ती इक्वेडोरच्या शेतकऱ्याची. तिथे दर खुला आणि त्यांची झाडं धड होती.

म्हणजे कोरडवाहूंनी एका ओळीत लिहिलं तेच मी एवढ्या ओळींत लिहिलं :)

थंडडोकं

यात हवामान किती आणि म्हातारी झाडं किती? झाडं नव्याने लावली नाहीत, रोग आटोक्यात ठेवला नाही, दर बांधून ठेवले, आणि बिल फाडायचं हवामानाच्या नावावर. हल्ली ही फार सोयीची खुंटी झाली आहे, काहीही टांगा.

दुसरं, कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं खाद्य आहे. हवेत तो वाढला की गहू, भात, सोयाबीन जास्त वाढतात, प्रयोग झालेत. जगाचं धान्य उत्पादन दशकामागून दशक चढतंच आहे. संकट आहे म्हणता, ते आकड्यांत दिसत का नाही?

मृदगंध

दिसतं, पण कशाशी तुलना करता त्यावर आहे. उत्पादन वाढलं ते बियाणं, खत, पाणी आणि यंत्रं यांच्या जोरावर. हवामान तसंच राहिलं असतं तर किती वाढलं असतं, हा खरा प्रश्न. ओर्टिझ-बोबेआ आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. १९६१ पासून पाहिलं तर हवामानबदलामुळे जगाच्या शेतीची उत्पादकता, बदल झाला नसता तर असती त्यापेक्षा सुमारे २१ टक्के कमी आहे. जणू वाढीची शेवटची सात वर्षं पुसली गेली. तेवढ्याच पैशात, तेवढ्याच घामात जे मिळालं असतं ते मिळालं नाही. हा तोटा कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून दिसत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा अर्धा बरोबर. गहू-भाताला फायदा होतो. मका, ज्वारी, ऊस यांना एरवी जवळजवळ नाही, पाण्याचा ताण असेल तेव्हा थोडाफार. आणि गहू-भात वाढतो तेव्हा दाण्यातलं प्रथिन, जस्त, लोह कमी होतं. पोतं भरतं, कस उतरतो.

सरासरी तापमानाने पीक मरत नाही हेही लक्षात घ्या. श्लेंकर आणि रॉबर्ट्स यांनी २००९ मध्ये अमेरिकेचे आकडे तपासले. मक्याचा उतारा (म्हणजे एकरी उत्पादन) २९ अंशांपर्यंत हळूहळू वाढतो आणि त्यापुढे धाडकन खाली येतो. चढण मंद, उतार कड्यासारखा. त्यामुळे 'एका अंशाने काय होतंय' हा हिशेब फसवा आहे. तो एक अंश बहुतेक दिवस निरुपद्रवी असतो आणि मोजक्या दिवसांत कड्यावरून ढकलतो.

मक्याचंच सांगते, कारण ते मी शेतात बसून पाहिलंय. तुरा वर, कणीस खाली. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाण्याची वाट. तुऱ्यातून परागकण सकाळी गळतात, आठवडाभर हा कारभार चालतो. नेमकं तेव्हा ऊन आणि पाण्याचा ताण एकत्र आले, तर केस उशिरा बाहेर पडतात. तोवर तुरा रिकामा झालेला असतो. झाड हिरवंगार, रस्त्यावरून पाहणारा म्हणतो काय सुरेख पीक आहे. कणीस सोललं की वरचा अर्धा बुरखुंडा बोडका. आणि तोपर्यंत बी, खत, खुरपणी, सगळा खर्च होऊन गेलेला असतो. शेतीतलं नुकसान हे असं, पैसे ओतून झाल्यावर येतं.

शेवटचा_बाक

'वरून हिरवंगार, सोललं की बोडका.' आमच्या ऑफिसच्या ताळेबंदाचं वर्णन इथे कोणी टाकलं?

दिगंश

मृदगंधताई, उत्तम प्रतिसाद. भाताच्या रात्रीबद्दलही लिहा की.

मृदगंध

दिगंश, थोडक्यात: फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातल्या नोंदींवरून २००४ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की भाताचा उतारा साधारण १० टक्क्यांनी घटतो. दिवसाच्या तापमानाचा तसा परिणाम दिसला नाही. रात्र उबदार असली की झाडाचा श्वसनावरचा खर्च वाढतो. दिवसा कमावलेलं रात्री उडवलं, असा प्रकार.

कोरडवाहू

आता जरा सविस्तर लिहितो, कारण सरळव्याजसाहेब 'एकूण' सोडायला तयार नाहीत.

सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. शेतकरी वर्षावर्षाने जगतो. दोन माणसं घ्या. दोघांचं दहा वर्षांचं एकूण उत्पन्न सारखंच. एकाची सगळी वर्षं मध्यम. दुसऱ्याची सात चांगली आणि तीन वाईट, त्यातली दोन लागोपाठ. तुमच्या वहीत दोघे बरोबरीत. प्रत्यक्षात दुसरा संपलेला असतो. पहिल्या वाईट वर्षी हप्ता थकला. दुसऱ्या वर्षी बँक दारात उभी करत नाही, म्हणून खाजगी कर्ज, जनावरं विकली. तिसरं वर्ष झकास, पाऊस वेळेवर, पण खताला पैसे नाहीत आणि नांगरटीला जनावर नाही. चांगलं वर्ष आलं आणि ते पकडायला हात नव्हते. मागाहून सरासरी काढणाऱ्याला हे दिसत नाही.

आणखी एक. एकदा पोळलेला माणूस पुढे जपून खेळतो. जास्त पैसा देणारं पण नाजूक पीक सोडून, कमी देणारं पण टिकणारं घेतो. खत हात राखून टाकतो. पाऊस नंतर चांगला झाला तरी त्याने पेरलंय कमीच. म्हणजे संकट आलं नाही त्या वर्षीही संकटाच्या भीतीचं भाडं भरतोच.

आणि भावाचं म्हणाल, तर भाव असतो तेव्हा घरात माल नसतो, आणि घरात माल असतो तेव्हा सगळ्यांच्याच घरात असतो.

वाचनमात्र

शेवटचं वाक्य चिकटवून ठेवलंय. कोरडवाहू, +१.

गावकुसाबाहेर

इथे सगळे जमिनीच्या मालकाच्या बाजूने बोलताहेत. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? पीक बुडालं की मालकाचा तोटा, पण काढणीच नाही म्हणजे मजुराची मजुरीच गेली. त्याच वेळी धान्य महाग. त्याला दोन्हीकडून मार. डॅव्हेनंटसाहेबांच्या ११,७०० मध्ये याचा वाटा शून्य.

शिवाय उन्हाचा थेट परिणाम माणसावर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालात अंदाज आहे, की २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगातले २.२ टक्के कामाचे तास वाया जातील, ८ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. त्यातला ६० टक्के वाटा शेतीचा. अंगावर काम घेतलेल्या माणसाला ही टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही. दुपारी सावलीला बसला की तेवढे पैसे कमी. बसला नाही तर चक्कर येऊन पडतो.

थंडडोकं

मजुरांचा मुद्दा मान्य. पण शेतकरी काय हात बांधून बसणार आहे? पीक बदलेल, पेरणीची तारीख बदलेल, वाण बदलेल. १९९४ मध्ये मेंडेलसन, नॉर्डहाउस आणि शॉ यांनी जमिनीच्या किमतींवरून हाच हिशेब मांडला. शेतकरी जुळवून घेतो असं धरलं की अमेरिकेचं नुकसान किरकोळ ठरतं, काही गणितांत तर फायदाच. यातल्या नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये हवामानाच्या अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळालंय, उगाच कोणी नाही. कॅनडा, रशियात नवी जमीन लागवडीखाली येऊ शकते. इंग्लंडमध्ये आता फेसाळ वाइनसाठी द्राक्षं पिकतात. उगाच रडगाणं नको.

दिगंश

त्या पद्धतीत उष्ण प्रदेशातली जमीन आणि थंड प्रदेशातली जमीन यांची तुलना आहे, दोन्हीकडचा शेतकरी आपापल्या हवेला सरावलेला. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा खर्च त्यात नाहीच. आणि पाणी कुठून येतं हेही नीट धरलेलं नव्हतं, त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले.

द्राक्षांचंच घ्या. फ्रान्समध्ये २०२१ च्या मार्चअखेरीस इतकं ऊन पडलं की वेलींचे डोळे वेळेआधीच फुटले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडाक्याचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. कोवळा फुटवा करपून गेला. बागायतदारांनी रात्रभर ओळीओळीत मेणाचे डबे पेटवून हवा उबदार ठेवायची धडपड केली, तरी त्या वर्षी देशाचं वाइन उत्पादन बरंच घसरलं. दहिवर पूर्वीही पडायचं. पण पूर्वी त्या तारखेला वेल झोपलेली असायची.

शेवटचा_बाक

म्हणजे तापमान वाढलं म्हणून थंडीने नुकसान झालं. थंडडोकं, घ्या, आयता चेंडू आहे, मारा.

थंडडोकं

सोडून दिला. यॉर्कर आहे.

कोरडवाहू

@थंडडोकं, मक्याच्या जागी बाजरी पेरता येते. झाड बदलता येत नाही. फळबाग म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची पैज, आणि ती लावताना तुम्ही पंचवीस वर्षांनंतरच्या हवेवर पैसे लावता. पहिली काही वर्षं नुसता खर्च. स्पेनमध्ये २०२२-२३ ला कोरड आणि फुलोऱ्यात उष्णता आली, ऑलिव्ह तेलाचं उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी झालं. ती झाडं काय उपटून उत्तरेला न्यायची?

आणि बाजरी पेरली तर ती घेणारा व्यापारी, साठवणारं गोदाम, दळणारी गिरणी, सगळं मक्यासाठी उभं आहे. एकट्या शेतकऱ्याने पीक बदलून भागत नाही.

रानवाट

जुळवून घेण्यातही मेख आहे. ठिबकने पाणी वाचतं म्हणतात. प्लॉटवर वाचतं हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी क्षेत्र भिजवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो, आणि जमिनीखालचा उपसा कमी होत नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सिंचनाची सुधारलेली साधनं आल्यावर उपसा उलट वाढल्याचं दिसलं. विहीर खोल, पंप मोठा, वीजबिल मोठं. ज्याची ऐपत आहे तो खोल जातो, शेजाऱ्याची विहीर आटते.

चांगलंही सांगायला हवं. पुरात साधारण दोन आठवडे बुडून राहिलं तरी जगणारं भाताचं वाण, स्वर्णा-सब१, भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. बियाण्याचा खर्च जवळपास तोच, आणि पूर आला नाही तर नेहमीइतकाच उतारा. कोरडवाहूंनी लिहिलेलं ते भीतीचं भाडं अशा बियाण्याने खरंच कमी होतं. माणूस हात न राखता खत टाकू शकतो.

वाचनमात्र

बाकी सगळं ठीक, पण विम्याचं कोणीच बोलत नाहीये? जोखीम आहे तर विमा काढा, विषय संपला ना?

फाटकीछत्री

विम्याच्या नोकरीतच आयुष्य गेलं माझं. विषय तिथे संपत नाही, सुरू होतो.

विमा चालतो तो एकाचं घर जळतं आणि बाकी नव्व्याण्णवांची शाबूत राहतात म्हणून. दुष्काळात सगळ्यांची घरं एकदम जळतात. २०१२ च्या दुष्काळात अमेरिकेत पीकविम्याची भरपाई सुमारे १,७०० कोटी डॉलरवर गेली. तिथेही हप्त्याचा निम्म्याहून जास्त वाटा सरकार उचलतं, म्हणून योजना उभी राहते. भारतात २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के असा बांधला, वरचा सगळा भार केंद्र आणि राज्यांवर. निव्वळ बाजारावर सोडलेला पीकविमा लहान शेतकऱ्याला परवडेल असा मला तरी कुठे दिसला नाही.

आता जे बाहेर फारसं कोणी बोलत नाही ते. भरपाई मिळते ती 'उंबरठा उत्पादना'च्या खाली गेलात तर. आणि हा उंबरठा ठरतो मागच्या उताऱ्यांवरून. भारतात मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच घेऊन सरासरी काढतात आणि तिला जोखीम पातळीच्या (उत्पादनाचा जेवढा भाग विम्याखाली धरलाय त्या) टक्क्याने गुणतात. अमेरिकेतही शेतकऱ्याच्या मागच्या चार ते दहा वर्षांच्या नोंदींवर पाया ठरतो. हवा स्थिर होती तोवर हे रास्त होतं. आता सातातली तीन-चार वर्षं वाईट निघायला लागली, की 'चांगली पाच' मध्येही वाईट वर्षं घुसतात आणि उंबरठाच खाली घसरतो. म्हणजे जितकं नुकसान वारंवार, तितकं ते विम्याच्या नजरेत नेहमीचं. पीक आदल्या वर्षीइतकंच कमी आलं तरी यंदा भरपाई नाही, कारण आता तेच तुमचं सर्वसाधारण उत्पादन ठरलं.

मृदगंध

बाप रे. हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

नांगरट

आमच्याकडे हवामानावर आधारित विमा होता. गारा आमच्या बांधावर पडल्या, हवामान केंद्र पलीकडच्या खोऱ्यात. त्याच्या नोंदीत निरभ्र आकाश. कंपनी म्हणाली, नोंदच नाही. मी गारांचे फोटो दाखवले. म्हणे फोटो चालत नाहीत.

शेवटचा_बाक

पुढच्या वेळी गाराच कुरियरने पाठवा.

फाटकीछत्री

नांगरट, दुखणं जुनं आहे. निर्देशांक, म्हणजे ज्या मोजमापावर भरपाई ठरते ते, हलला नाही पण शेत बुडालं, किंवा उलट. केनियात मार्साबितच्या पशुपालकांसाठी २०१० मध्ये उपग्रहातून दिसणाऱ्या चाऱ्याच्या हिरवेपणावर विमा काढला, पाहणीला माणूस पाठवायचा खर्च वाचला. पण तिथेही चारा उपग्रहाला दिसतो, आणि अमुक एकाची जनावरं मेली हे दिसत नाही.

सरळव्याज

सगळं दोनदा वाचलं. माझ्या मूळ हिशेबात भोकं कुठे आहेत ते आता असं दिसतंय.

डॅव्हेनंटचा गुणाकार बंदिस्त बाजाराचा आहे. जगभर माल फिरतो तेव्हा माझ्या भागातलं पीक बुडालं म्हणून भाव हलत नाही, तो दुसरीकडच्या सुगीवर ठरतो. म्हणजे ९० गुणिले १००. आणि खरोखरच जगभर टंचाई होऊन भाव चढला, तर सरकारं मध्ये पडतात. रशियाने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर ऑगस्टमध्ये गव्हाची निर्यात बंद केली. भारताने २०२२ चा मार्च तापल्यावर १३ मे रोजी गव्हाची, आणि २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बाहेर भाव भडकला आणि आतला शेतकरी त्या भावापासून तोडला गेला. खाणाऱ्याच्या बाजूने निर्णय समजण्यासारखा आहे. पण १३० चा भाव पिकवणाऱ्याला मिळत नाही, एवढं नक्की.

शिवाय बरेच लहान शेतकरी वर्षभरात विकतात त्याहून जास्त धान्य विकत घेतात. त्यांच्यासाठी चढा भाव ही कमाई नाही, खर्चच.

तरी एक शिल्लक राहतंच. ज्याच्याकडे पाणी, गोदाम आणि थांबण्याची ताकद आहे, त्याला टंचाईच्या वर्षी खरंच जास्त मिळतं. म्हणजे 'शेतकरी' असा एकच गठ्ठा धरला तिथेच गणित फसलं.

कोरडवाहू

आणि तो ताकदवाला पुढच्या वर्षी शेजाऱ्याची जमीन घेतो. तेही लिहा वहीत.

थंडडोकं

जमीन मोठ्या हातात जाणं हवामानाआधीपासून चालू आहे. पण वेग वाढतो, हे देतो तुम्हाला.

मला उंबरठ्याचा प्रश्न जास्त खातोय. फाटकीछत्री, उंबरठा घसरू द्यायचा नाही म्हटलं, तर हप्ता वाढणार. तो भरायचा कोणी? जिथे मका आता येतच नाही तिथे मक्याचा जुना उंबरठा धरून भरपाई देत राहिलो, तर माणूस मकाच लावत राहील.

फाटकीछत्री

बरोबर, आणि म्हणूनच यावर कोणाकडे धड उत्तर नाही. माझं मत विचाराल तर उंबरठा गोठवावा, पण ठरावीक वर्षांपुरता, आणि त्या वर्षांत पीक बदलायचा खर्च वेगळ्या खिशातून द्यावा. विम्याच्या हप्त्यातून नाही, सरळ अनुदान म्हणून. तो खिसा कोणाचा, यावर श्रीमंत आणि गरीब देशांचं भांडण २०२२ च्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेपासून नव्याने रंगलंय. हानी-भरपाई निधी स्थापायचं तिथे ठरलं, त्यात पैसे किती यावेत यावर अजून ओढाताण आहे. तोवर आमच्यासारखे लोक सातातली चांगली पाच शोधत बसणार.

गावकुसाबाहेर

त्या अनुदानाच्या यादीत मजुराचं नाव कुठल्या कागदावरून घालणार, तेही सांगा. सातबारा त्याच्याकडे नसतो.

फाटकीछत्री

जमिनीच्या नोंदीवर नाहीच घालता येणार. रोजगार हमीच्या कामाशी जोडलं तर जमेल कदाचित, तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेलं की काम बंद आणि मजुरी चालू. उद्या ऑफिसात विचारून बघतो, हसतील बहुतेक.